नगरसेवकहो, रविवारची संध्याकाळ तेवढी सोडा

पुण्यातल्या सर्व पक्षांच्या आजी, माजी आणि भावी नगरसेवकांना, त्यांच्या संपर्क कार्यालयातल्या मंडळींना आणि फ्लेक्सवरच्या तमाम शुभेच्छुकांना,

सप्रेम नमस्कार.

पत्र उघड लिहितेय, कारण पाकिटात घालून दिलेल्या अर्जांचं काय होतं हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. राग कुणा एका पक्षावर नाही. ज्याबद्दल लिहिणार आहे ते सगळे पक्ष सारख्याच निष्ठेने करतात. इतकी एकी तुमच्यात एरवी दिसत नाही.

मी सहकारनगरच्या बाजूला पोळीभाजी केंद्र चालवते. पहाटे चारला कणीक, सातला पहिले डबे बाहेर, अकरा ते एक काउंटरवर रांग, संध्याकाळी पुन्हा तवा. ऑर्डरी फोनवर येतात आणि बऱ्याचशा अनोळखी नंबरांवरूनच येतात. होस्टेलवर नव्याने आलेला मुलगा, आईला दवाखान्यात ठेवलेला कुणीतरी, बाळंतपण झालेलं घर. त्यामुळे ‘अनोळखी नंबर उचलूच नका’ हा शहाणपणाचा सल्ला माझ्या उपयोगाचा नाही. हात पिठाचे असतात, तरी मनगटाने बटण सरकवते, फोन कान आणि खांद्यात धरते, ‘बोला’ म्हणते. पलीकडून वाद्यवृंद सुरू होतो आणि मागोमाग आवाज येतो: ‘नमस्कार! मी आपल्या प्रभागाचा सेवक…’

ऑर्डर देणाऱ्याला ‘पाच मिनिटांनी करा’ असं सांगता येतं. ध्वनिमुद्रित सेवकाला ते सांगायची सोय नाही. तव्यावरची पोळी करपते आणि तुम्ही विकासावर बोलत राहता.

निवडणूक होती तोवर आम्ही समजून घेतलं. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद कोर्टात अडकले, मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून सांगितलं आणि मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. पावणेचार वर्षं प्रशासक होता, तुम्ही सगळे ताटकळलेले होतात, हे मान्य. पण निकाल लागला, गुलाल उडाला, धुतलाही गेला. फोन मात्र थांबले नाहीत. आता आभाराचे येतात. मग सणाचे. मग साहेबांच्या वाढदिवसाचे. हरलेले तर जिंकलेल्यांपेक्षा जास्त करतात, त्यांना पुढच्या वेळची तयारी आत्तापासून करायची असते.

नको असलेले जाहिरातीचे फोन थांबवायला १९०९ वर नोंदणी करून झाली आहे. त्याने प्लॉट विकणारे आणि कर्ज वाटणारे बरेच हटले. तुम्ही हटला नाहीत, कारण ती सगळी व्यवस्था व्यापारी जाहिराती अडवण्यासाठी आहे आणि मत मागणं हा आपल्याकडे व्यापार धरलेला नाही.

आता नंबर तुमच्याकडे आला कुठून, ते बघू. मतदार यादीत माझं नाव, वय, घर क्रमांक, नवऱ्याचं नाव मिळतं. मोबाईल नंबर मिळत नाही. तो आम्हीच दिला, फक्त कशासाठी देतोय ते आम्हाला सांगितलं गेलं नाही. दिवाळीआधी सोसायटीत सुगंधी उटणं, चार पणत्या आणि तुमचा हसरा फोटो असलेलं पाकीट येतं. पाकिटावर क्यूआर कोड. सासूबाईंनी तो नातवाकडून स्कॅन करून घेतला, कारण आत पैठणीची सोडत होती. सोडतीला काय लागावं? नाव, मोबाईल, जन्मतारीख, लग्नाची तारीख, घरात मतदार किती आणि मतदार ओळखपत्राचा क्रमांक. पैठणी कुणाला लागली ते कळलं नाही. लग्नाच्या वाढदिवसाला मात्र नवऱ्याच्या आधी तुमच्या शुभेच्छा आल्या.

इथपर्यंत हसण्यावारी नेता आलं असतं. माझे सासरे जाऊन वर्ष उलटलं. त्यांच्या जन्मतारखेला सासूबाईंच्या फोनवर कमळात बसवलेलं त्यांचं नाव आलं, खाली ‘आपणांस उदंड आयुष्य लाभो’ आणि त्याखाली तुमच्यापैकी एकाचा हात जोडलेला फोटो. सासूबाई कुणाला काही बोलल्या नाहीत, चष्मा काढून फोन उपडा ठेवला आणि देवघरात जाऊन बसल्या. मी दुसऱ्या दिवशी कार्यालयात जाऊन सांगितलं, नाव काढून टाका. तिथला मुलगा वाईट नव्हता, त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाला, ‘ताई, ते सिस्टीममधून जातं, आमच्या हातात नाही.’ मग कुणाच्या हातात आहे, हे त्यालाही माहीत नव्हतं. कुठल्यातरी एजन्सीला काम दिलेलं असतं म्हणे.

वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा संसदेने ऑगस्ट २०२३ मध्ये केला. नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला त्यापुढे दीड वर्षाची मुदत दिली आहे. तोवर वाट बघत बसायची गरज नाही. माणूस गेला आहे, नाव काढा, एवढं ऐकायला कायदा कशाला हवा?

दुसरं गाऱ्हाणं व्हॉट्सॲप ग्रुपचं. ‘आपला प्रभाग आपला परिवार’ अशा नावाच्या ग्रुपात मला विचारल्याशिवाय घातलं गेलं. म्हटलं, बरं झालं, निदान गटाराचं इथे सांगता येईल. लिहायला गेले तर खाली ओळ: फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतात. म्हणजे परिवारात शेकडो माणसं आणि बोलायची मुभा तुमच्या पीएला. सकाळी सुविचार, दुपारी तुम्ही कुठल्याशा मंगल कार्यालयात आहेर देतानाचे फोटो, रात्री ‘जनतेच्या सेवेत अहोरात्र’. मी बाहेर पडले. आठवड्याने दुसऱ्या नावाच्या ग्रुपात होते. शेवटी सेटिंगमध्ये जाऊन फक्त ओळखीचेच आपल्याला ग्रुपात घालू शकतील अशी सोय करून घेतली. ती कशी करायची हे आता मी काउंटरवर डबा बांधता बांधता गिऱ्हाइकांनाही दाखवते. आमच्या गल्लीतले निम्मे ज्येष्ठ नागरिक अशाने मोकळे झालेत.

माझं खरं भांडण इथे आहे. तुम्हाला तंत्रज्ञान जमत नाही असं मुळीच नाही. झकास जमतं. कुणाचं लग्न कधी झालं ते तुम्हाला माहीत, कुणाच्या घरात मतं किती ते माहीत, एका बटणासरशी अख्ख्या प्रभागाचे फोन वाजवता येतात. फक्त हा सगळा कारभार लक्ष्मी रस्त्यासारखा एकेरी आहे. तुमच्याकडून आमच्याकडे सुसाट आणि आमच्याकडून तुमच्याकडे प्रवेश बंद.

केंद्रासमोरच्या चेंबरचंच बघा. झाकण एका बाजूने खचलंय, पाऊस पडला की मैलापाणी वर येतं. खाण्याच्या दुकानासमोर! तक्रारीच्या ॲपवर फोटो टाकला, पत्ता टाकला. क्रमांक मिळाला. काही दिवसांनी संदेश आला, ‘आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे’, सोबत फोटो. फोटोतलं झाकण नवंकोरं होतं, कडेला ओलं सिमेंट, मागे पिंपळाचा पार. आमच्या गल्लीत पिंपळ नाही. गुलमोहर आहे आणि त्याखाली माझं बाकडं. कुणाचं तरी झाकण खरंच बसलं याचा आनंद आहे, पण त्याच्या नावावर माझी तक्रार बंद झाली. पुन्हा उघडायला गेले तर ॲप म्हणतं, नवीन तक्रार नोंदवा. नवीन नोंदवली की गणती पहिल्यापासून सुरू. अशाने ‘निकाली काढलेल्या तक्रारी’ वाढत जातात आणि मैलापाणीही.

मग तुमच्याकडे यावं म्हटलं. महापालिकेत १६५ नगरसेवक आणि ४१ प्रभाग. म्हणजे आमच्या दाराला चौघं आहेत. एकाने सांगितलं ड्रेनेज दुसऱ्या ताई बघतात. ताईंकडून कळलं की गल्लीची ही बाजू तिसऱ्यांकडे ‘वाटून घेतलेली’ आहे. तिसरे गावाला. चौथ्यांनी त्याच दिवशी माझ्या केंद्रासमोर उभं राहून, गुलमोहराखाली, फोटो काढून घेतला आणि पाहणी केल्याचं जाहीर केलं. झाकण अजून तसंच आहे. चार सदस्यांच्या प्रभागाचे फायदे कुणीतरी मला एकदा समजावून सांगावेत, मी चहा देईन.

आता रविवारकडे येते, कारण पत्र लिहायला बसले ती त्याच्यामुळे.

रविवारी सकाळी आमच्याकडे तोबा गर्दी असते, संध्याकाळी केंद्र बंद. आठवड्यातले तेवढेच काही तास माझे. (पुणेकरांच्या दुपारच्या झोपेवर विनोद करणाऱ्यांनी एकदा पहाटे चारला उठून दहा किलो कणीक मळून दाखवावी, मग बोलू.) त्या संध्याकाळी मी नाटकाला जाते. हौस म्हणा, व्यसन म्हणा. माहेरी वडील न्यायचे, तेव्हापासूनचं आहे.

या शहरात नाटकाला जाणं हे तुमच्याच पूर्वसुरींचं देणं आहे, हे मुद्दाम सांगते. बालगंधर्व रंगमंदिराचं भूमिपूजन १९६२ साली खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते झालं, २६ जून १९६८ ला ते सुरू झालं, आणि ते बांधलं कुणी, तर महापालिकेने. पुढे कोथरूडला यशवंतराव चव्हाण नाट्यगृह, बिबवेवाडीला अण्णा भाऊ साठे सभागृह, तीही महापालिकेचीच. रस्ते आणि गटारं यांच्याबरोबर लोकांची संध्याकाळही आपण बघायला हवी, असं त्या वेळच्या सभागृहात बसलेल्यांना वाटलं होतं.

आणि आता? शहरातल्या एका नाट्यगृहात, नाव घेत नाही, रविवारचा साडेपाचचा प्रयोग होता. तिकीट ऑनलाइन काढलेलं, वर शुल्कही भरलेलं. जिन्याशी पोचले तर नाटकाच्या बोर्डवर कागद चिकटवलेला: ‘अपरिहार्य कारणामुळे आजचा प्रयोग रद्द’. अपरिहार्य कारण फाटकावरच टांगलं होतं, वीस फुटी: ‘भव्य नागरी सत्कार’. प्रयोग रद्द झाल्याचा संदेश मला घरी परतताना रिक्षात मिळाला. तिकिटाचे पैसे यथावकाश आले, वरचं शुल्क आलं नाही.

रक्कम किरकोळ आहे. मला त्या दिवशी बोळात उभा असलेला टेम्पो विसरता येत नाही. सेट तसाच बांधलेला, ताडपत्रीतून सोफ्याचा पाय बाहेर आलेला, आणि बॅकस्टेजची पोरं फुटपाथवर वडापाव खात बसलेली. त्यांना पैसे नाइटवर, म्हणजे प्रयोगागणिक मिळतात. प्रयोग नाही तर नाइट नाही. त्यातल्या एकाशी बोलले, तो सकाळी मुंबईहून निघाला होता. आत डोकावले तर पुढच्या चार रांगा भरलेल्या, बाकी सभागृह रिकामं, आणि मंचावर एक गृहस्थ सांस्कृतिक राजधानीबद्दल बोलत होते.

नाट्यगृहाच्या तारखा काही महिने आधीच वाटल्या जातात. संस्था त्या धरून कलाकारांच्या तारखा जुळवतात, जाहिरात करतात, आगाऊ पैसे भरतात. आणि एका चिठ्ठीवर शनिवार-रविवारची तारीख निघून जाते. सत्कार मंगळवारी सकाळी केला तर शाल कमी ऊबदार होते का? आणि तुमच्यातल्या कित्येकांकडे स्वतःची नाही तर मेव्हण्याची मंगल कार्यालयं आहेत.

वेळ आमचा आणि मुहूर्त तुमचा, हे फक्त नाटकापुरतं नाही. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट मेट्रोचं उद्घाटन सप्टेंबर २०२४ मध्ये पावसामुळे पुढे गेलं, तर गाड्याही थांबल्या; २६ ला होणार होतं ते २९ ला झालं. विमानतळाच्या नव्या टर्मिनलचं उलट. उद्घाटन १० मार्च २०२४ ला, आणि विमानं तिथून सुटायला लागली १४ जुलैला.

फ्लेक्स आणि भोंग्यांबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्यावर सगळेच लिहितात आणि काही होत नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर भोंगा नाही. सण-उत्सवांसाठी वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सवलत देता येते. गणपतीत रात्रभर आवाज झाला तर मी कुरकुर करत का होईना, सहन करते, आमच्याही घरी गणपती असतो. पण भाऊंचा वाढदिवस त्या पंधरा दिवसांत बसत नाही. फ्लेक्सचं म्हणाल तर आमच्या कोपऱ्यावरचा सिग्नल गेल्या महिन्यात तुमच्या उजव्या कानामागे होता. स्कूटरवाल्यांना लाल दिसतच नव्हता. बेकायदा फलकांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सविस्तर आदेश दिलेला आहे. वाचायला वेळ नसेल तर एजन्सीला सांगा, ती ध्वनिमुद्रित करून तुम्हाला फोनवर ऐकवेल.

तुम्ही आमच्या करमणुकीसाठी काही करत नाही, असंही म्हणणार नाही. दिवाळी पहाट करता, कोजागिरीचं दूध देता, खेळ पैठणीचा रंगवता, निवडणूक जवळ आली की काशी-उज्जैनच्या बसेस सोडता. सासूबाई जाऊन आल्या, व्यवस्था चांगली होती म्हणतात. मला त्यात जायचं नाही. माझी करमणूक मी पैसे देऊन विकत घेते, ती फक्त मधेच काढून घेऊ नका. फुकटची सहल देणाऱ्याला गटाराचं विचारताना आमच्या बायकांची जीभ जड होते, हे तुम्हालाही चांगलं ठाऊक आहे.

तर मागण्या अशा आहेत. मोठ्या नाहीत.

ध्वनिमुद्रित फोन बंद करा. अगदीच करायचे असतील तर पहिल्याच वाक्यात कोण बोलतंय ते सांगा, आणि एक बटण असं ठेवा की ते दाबलं की नंबर तुमच्या यादीतून कायमचा गेला. रविवारी तर एकही नको.

उटणं, राखी, सोडत, सहल, जे काही वाटाल, त्याच्या फॉर्मवर माहिती कशासाठी घेताय आणि कुणाकडे ठेवणार ते मराठीत, वाचता येईल एवढ्या अक्षरात छापा. सोडतीला मतदार ओळखपत्राचा क्रमांक मागू नका. आणि गेलेल्या माणसाचं नाव कुणी येऊन सांगितलं, तर त्याच दिवशी काढा. कार्यालयातल्या मुलाला तेवढा अधिकार द्या.

ग्रुप काढायचाच असेल तर आठवड्यातून एक दिवस तो सगळ्यांना बोलण्यासाठी उघडा ठेवा आणि त्या दिवशी तुमचा पीए नाही, तुम्ही स्वतः हजर राहा. शिव्या येतील म्हणून घाबरू नका; पहिले दोन आठवडे येतील, मग लोक कामाचं बोलायला लागतील.

तक्रार करणाऱ्याने ‘हो, झालं’ म्हटल्याशिवाय ॲपवरची तक्रार बंद होऊ नये, हा नियम सभागृहात मांडा. फोटो त्याच जागेचा आहे का ते फोनलाच कळतं, जागेची नोंद सक्तीची करा. आणि चौघांपैकी ड्रेनेज कुणाकडे, दिवे कुणाकडे, कचरा कुणाकडे, हे एका पाटीवर लिहून संपर्क कार्यालयाबाहेर लावा. तुमच्या फोटोसकट लावा, हरकत नाही.

महापालिकेच्या नाट्यगृहांतला शनिवार-रविवार नाटकाचा. दिलेली तारीख कुणी मागून घेतली, तर मागणाऱ्याचं नाव आणि कारण नाट्यगृहाबाहेर आणि संकेतस्थळावर लागलंच पाहिजे. रद्द झालेल्या प्रयोगाची नाइट आणि प्रेक्षकांचं सगळं शुल्क ज्याने तारीख घेतली त्याने भरावं.

आणि आमच्या गल्लीतलं ते झाकण. गुलमोहराजवळचं.

उत्तर द्यायचं असेल तर लेखी द्या किंवा केंद्रावर या. सकाळी सात ते एक आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ उघडं असतं. एक ते चार कृपया नको. रविवारी संध्याकाळी बंद.

आपली,
सहकारनगरच्या बाजूची एक पोळीभाजी केंद्रवाली